हॉपचें कडू फूल आणि घरची बीअर

श्रोतेहो, आरंभींच एक खुलासा करतों. मी मद्य घेत नाहीं आणि आज कोणाला तें घ्यावयास शिकवावें असाहि माझा हेतु नाहीं. पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. त्यांत राजे आले, लढाया आल्या, तह आले. परंतु एका रानवेलीच्या फुलानें युरोपांतील कोट्यवधि घरांची चूल कशी पालटली, हें मीं मुलांना कधीं सांगितलें नाहीं, कारण तें मलाच ठाऊक नव्हतें. तें कळलें सेवानिवृत्तीनंतर, आणि तेंहि एका स्वयंपाकघरांत.

माझा भाचा अमेरिकेंत ऑरेगॉन राज्यांत नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे मीं एक उन्हाळा काढला. एका शनिवारीं सकाळीं पाहतों तों शेगडीवर हंडाभर काढा उकळत होता आणि माझी भाचेसून सोनाराच्या काट्यासारख्या लहानशा तराजूंत हिरवीं, पापुद्र्यापापुद्र्यांचीं वाळलेलीं बोंडें तोलीत होती. भाच्याकडे बाटल्या धुण्याचें काम होतें. घरीं बीअर करण्याचा त्यांचा हा उद्योग मला प्रथम विचित्रच वाटला. कुतूहल म्हणून मीं एक बोंड बोटांनीं चुरडलें व जिभेवर ठेवूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "मामा, जपून हो. चव बराच वेळ जात नाहीं."

तिचें म्हणणें खरें ठरलें. पाडव्याला आपण कडुनिंबाचीं पानें खातों, पण त्यांत गूळ असतो, ओवा असतो आणि शिवाय तें एका घासाचें काम असतें. ह्या फुलाचा कडूपणा जिभेच्या मुळाशीं जाऊन बसला, तो दुपारच्या जेवणापर्यंत हलला नाहीं. जें द्रव्य लोक आवडीनें पितात त्यांत इतकें कडू मुद्दाम कां घालावें, हा प्रश्न मीं त्या दिवशीं विचारला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं आलें, तें आज सांगणार आहें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. हॉप ही वेल भांगेच्या कुळांतली आहे. थंडीच्या प्रदेशांत ती दरवर्षीं जमिनीपर्यंत सुकते आणि वसंतांत पुन्हां फुटून दोन-तीन पुरुष उंच चढते. नर-वेल निराळी, मादी-वेल निराळी. मादी-वेलीलाच तीं शंकूच्या आकाराचीं बोंडें येतात आणि त्यांच्या पापुद्र्यांच्या बुडाशीं हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी असते. सारा गुण त्या भुकटींत. तिच्यांत राळेच्या जातीचीं आम्लें असतात व सुवासिक तेलें असतात. मौज अशी, कीं हीं आम्लें थंड पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहींत. तासभर खळखळ उकळलें म्हणजे त्यांची घडण बदलते, मग तीं पाण्यांत उतरतात आणि काढा कडू होतो. तेलांचें मात्र उलट. तीं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीं घालावयाचे हॉप आरंभीं घालावयाचे आणि सुवासासाठीं घालावयाचे शेवटच्या पांच-दहा मिनिटांत. आपण फोडणींत मोहरी आधीं टाकतों आणि कोथिंबीर भांडें उतरवितांना भुरभुरवितों, त्यांतलाच हा प्रकार.

भाचेसुनेनें मला तिचा हिशेब दाखविला. गणिताच्या शिक्षकाची रजा असली म्हणजे त्याचा तास मजकडे येत असे. त्यामुळें मला हा हिशेब फार आवडला. वीस लिटर काढा. त्यांत तीस ग्रॅम हॉप. त्या जातीच्या हॉपांत कडू आम्ल शेंकडा सहा, म्हणजे एकूण एक ग्रॅम आठशें मिलिग्रॅम. तासभर उकळलें तरी यांतलें सुमारें पाव हिश्शाचेंच बीअरमध्यें उतरतें. तेव्हां साडेचारशें मिलिग्रॅम. वीस लिटरांना भागलें, लिटरमागें साडेबावीस मिलिग्रॅम आले. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे ढोबळ मानानें कडूपणाचा एक अंश. साडेबावीस अंश म्हणजे मध्यम कडू. तेच हॉप पाऊण तास उशिरा घालून पंधराच मिनिटें उकळले, तर कडूपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. सांगण्याचा मुद्दा असा, कीं हें काम अंदाजपंचे चालत नाहीं. त्यांत माप आहे, वेळ आहे आणि जळण तर पुष्कळच आहे. हा जळणाचा मुद्दा लक्षांत असूं द्यावा. पुढें तो उपयोगी पडणार आहे.

आतां मूळ प्रश्न: कडू कां? बीअरचा काढा मोड आणून भाजलेल्या जवाचा असतो, आणि तो नुसता असला तर गुळचट लागतो. कडूपणानें त्याला तोल येतो, हें एक कारण झालें. परंतु इतिहास घडविला तो दुसऱ्या कारणानें. हॉपचें कडू आम्ल जंतुनाशक आहे, आणि तेंहि निवडक. दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंचे जे भाऊबंद गोड काढा आंबट करून टाकतात, त्यांना तें वाढूं देत नाहीं. पण काढा आंबवून त्याची बीअर करणारें जें यीस्ट, त्याच्या वाटेला तें जात नाहीं. आपल्याकडील माडीची गोष्ट आठवावी. सकाळीं झाडावरून उतरतांना गोड, दुपारीं फेसाळ आणि एक-दोन दिवसांत आंबट. गोव्यांत तर तिचा शिरकाच करतात. ताजी असेल तेथेंच आणि असेल तेव्हांच ती खपली पाहिजे. हॉप येण्यापूर्वीं उत्तर युरोपांतील जवाच्या पेयाची स्थिति याहून फार निराळी नव्हती.

त्या काळीं कडूपणासाठीं निरनिराळ्या वनस्पति वापरीत. दलदलींत वाढणारीं सुगंधी झुडुपें, रानांतल्या औषधी पाल्याच्या जुड्या, असें मिश्रण करून काढ्यांत टाकीत. त्याला ग्रूट म्हणत. नेदर्लंड्समध्यें व ऱ्हाईनच्या कांठीं हें मिश्रण विकण्याचा हक्क राजाकडून सरदारांना, बिशपांना व शहरांना मिळालेला असे. जो कोणी काढा करील त्यानें ग्रूट तेथूनच घ्यावयाचें. म्हणजे तो एक करच झाला. बेल्जममधील ब्रुज शहरीं ह्याच हक्कावर गबर झालेल्या ग्रूटहूज घराण्याचा वाडा आजहि उभा आहे व त्यांत संग्रहालय आहे. कुंपणावर फुकट वाढणारी हॉपची वेल ह्या हक्कदारांना रुचली नाहीं, यांत आश्चर्य तें काय?

हॉपची लेखी नोंद मठांतून सांपडते. फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाधिपति आडालहार्ड याच्या ८२२ सालच्या नियमावलींत बीअरच्या संबंधांत हॉपचा उल्लेख आहे. बाराव्या शतकांत जर्मनींत हिल्डेगार्ड नांवाची एक विदुषी संन्यासिनी होऊन गेली (१०९८ ते ११७९). वनस्पतींच्या गुणधर्मांवरील आपल्या ग्रंथांत तिनें लिहून ठेवलें आहे, कीं हॉपनें मन उदास होतें, पण त्याच्या कडूपणानें पेयें नासण्यापासून वांचतात. उदासीचें काय तें असो. दुसरें विधान विज्ञानाला पटण्यास सातशें वर्षें लागलीं.

पुढें उत्तर जर्मनींतील हॅम्बुर्ग, ब्रेमेन ह्या बंदरांनीं हॉपची बीअर पिपांत भरून समुद्रमार्गें परमुलखांत पाठविण्यास आरंभ केला. ग्रूटचें पेय गांवाच्या वेशीबाहेर जाईना, हें मात्र जहाजांत बसून जाऊं लागलें. बव्हेरियाच्या ड्यूकांनीं १५१६ सालीं हुकूम काढला, कीं बीअरमध्यें जव, हॉप आणि पाणी ह्याखेरीज कांहीं घालूं नये. यीस्टचें नांव त्यांत नाहीं. तें काय असतें हें त्या वेळीं कोणाला माहीतच नव्हतें.

परंतु मला खरी गोडी लागली ती इंग्लंडच्या कथेंत. तेथें ह्या फुलानें जें केलें त्याची झळ विशेषतः बायकांना लागली.

इ. स. १३०० च्या सुमारास इंग्लंडच्या खेड्यांत पाण्याखालोखाल जें पेय होतें त्याला एल म्हणत. मोडाचा जव, पाणी आणि यीस्ट, हॉप नाहीं. तें चारसहा दिवसांत आंबे. म्हणून तें वरचेवर करावें लागे आणि थोडें थोडें करावें लागे. हें काम बहुतांशीं घरच्या बाईचें. आपल्या घरापुरतें करतांना दोन घडे जास्त केले, तर तिनें दारावर एक काठी उभी करून तिच्या टोंकाला झाडपाल्याची जुडी बांधावयाची. कीं शेजाऱ्यांनीं समजावें, येथें आज ताजी एल आहे. आठ दिवसांनीं दुसरीच्या दारावर जुडी. विधवा, लग्न न झालेली, नवरा परगांवीं गेलेली, अशा सर्वांना चार पैसे मिळवून देणारा हा धंदा होता. भांडीं घरचींच, चूल घरचीच. भांडवल जवळजवळ नाहीं. दर व दर्जा यांवर सरकारी नियम होता. गांवचा चाखणारा येई, चव पाही, माप पाही आणि चूक आढळली कीं दंड करी. दंड जवळजवळ सर्वांनाच होई, तेव्हां तो परवान्याच्या फीसारखाच होता म्हणावयाचा. पण त्या दंडाच्या यादींमुळेंच आपल्याला हीं नांवें कळतात. गांवच्या न्यायसभेच्या गुंडाळ्यांतून पानेंच्या पानें बायकांचीं नांवें आहेत. ज्यूडिथ बेनेट ह्या विदुषीनें त्यांचा कसून अभ्यास करून १९९६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १३०० सालीं जो धंदा बायकांचा होता तो १६०० सालीं बहुतेक पुरुषांचा कसा झाला, हें तिनें त्यांत दाखविलें आहे.

मधल्या ह्या तीनशें वर्षांत इंग्लंडांत हॉप आला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत समुद्रापलीकडून हॉपच्या बीअरचीं पिपें पूर्व किनाऱ्यावरील बंदरांत उतरूं लागलीं. मागून हॉलंड-झीलंडचे कारागीर आले आणि लंडनमध्यें त्यांनीं भट्ट्या घातल्या. स्थानिक लोकांना तें पसंत पडलें नाहीं. परक्यांची ही बीअर विषारी आहे, अशी आवई उठली. कारागिरांना त्रास झाला. शेवटीं १४३६ सालीं राजा सहावा हेन्री याच्या नांवानें लंडनच्या शेरीफांना हुकूम गेला, कीं बीअर हें आरोग्यकारक पेय आहे आणि तें करणाऱ्यांना कोणी उपद्रव देऊं नये. इतकें होऊनहि शंभर वर्षांनंतर, १५४२ सालीं, अँड्र्यू बोर्ड नांवाचा वैद्य आपल्या आहारविषयक पुस्तकांत बजावतोच, कीं इंग्रज प्रकृतीला एलच मानवते, बीअर ती डच लोकांनीं प्यावी. नवें खाणेंपिणें आलें म्हणजे प्रकृतीचा दाखला देणारे वैद्य सर्वच देशांत निघतात. आपल्याकडे चहा आला तेव्हां काय काय बोललें गेलें, तें वडीलधाऱ्यांनीं सांगितलेलें मला आठवतें.

पण पैशाचा हिशेब वैद्याहून बळकट ठरला. केंट परगण्यांतील रेजिनल्ड स्कॉट यानें १५७४ सालीं हॉपच्या बागेवर इंग्रजींतलें पहिलें पुस्तक लिहिलें. (हाच गृहस्थ पुढें १५८४ सालीं चेटकिणींच्या नांवाखालीं गरीब म्हाताऱ्यांचा छळ करणें कसें मूर्खपणाचें आहे, हें सांगणारा मोठा ग्रंथ लिहिणार होता, तेव्हां माणूस डोक्यानें स्वच्छ होता.) तो म्हणतो, एक बुशेल माल्टपासून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवापासून, एल होते आठ-नऊ गॅलन, तीहि साधारण; हॉप घातले तर त्याच मापाची बीअर होते अठरा ते वीस गॅलन, आणि उत्तम. हें कसें? एल टिकावी म्हणून ती कडक करावी लागे, म्हणजे धान्य जास्त लागे. बीअरला टिकविण्याचें काम हॉप करतो, तेव्हां ती पातळ असली तरी चालते. धान्य निम्मेंच लागलें, आणि माल महिनोन् महिने राहिला.

श्रोतेहो, एल विकणाऱ्या त्या विधवेची अडचण आतां ध्यानांत येईल. माल टिकूं लागला म्हणजे तो एकदम पुष्कळ करतां येतो, सांठवितां येतो, लांब नेतां येतो, उधारीवर देतां येतो. त्याला मोठी कढई पाहिजे, तासन् तास उकळण्यास जळण पाहिजे, पिपें पाहिजेत, गाडी पाहिजे, नोकर पाहिजेत आणि पैसे परत येईपर्यंत थांबण्याची ऐपत पाहिजे. ज्या बाईजवळ एक हंडा व एक चूल होती, तिच्याजवळ ह्यांतलें कांहींच नव्हतें. तिला सावकार कर्ज देईना, आणि ती लग्नाची बाई असली तर करारावर तिची सहीहि चालेना. आठवा हेन्री याला फ्रान्सवर स्वारी करावयाची होती तेव्हां आरमारासाठीं पोर्टस्मथला बीअरच्या भट्ट्या बांधण्यांत आल्या. असलीं कंत्राटें दारावर झाडपाल्याची जुडी लावणाऱ्या बाईला मिळणें शक्यच नव्हतें. त्यांत भर म्हणून तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडूं लागले. चेस्टर शहरानें १५४० सालीं नियमच केला, कीं चौदा ते चाळीस वर्षांच्या दरम्यानच्या कोणाहि स्त्रीनें एलचें दुकान चालवूं नये. म्हणजे जिच्या अंगांत काम करण्याची धमक, नेमकी तिलाच बंदी.

हें सारें एकट्या हॉपनें केलें असें मी म्हणत नाहीं. मोठ्या साथीनंतर मजुरी वाढली, लोक जास्त पिऊं लागले, शहरें वाढलीं. धंदा मोठा होण्याचीं चिन्हें हॉपच्या आधींच दिसूं लागलीं होतीं. पण ज्या वस्तूमुळें धंदा मोठा करणें शक्य व किफायतशीर झालें, ती वस्तु हेंच फूल. आपल्या घरांतील लोणच्याकडे पाहिलें तर हें पटेल. ताजी कोशिंबीर कोणी कारखान्यांत करून परगांवीं पाठवीत नाहीं. लोणचें जातें, कारण तें टिकतें.

घरापुरती बीअर करणें मात्र याउपरहि पुष्कळ काळ चाललें. विल्यम हॅरिसन नांवाचा इसेक्समधील धर्मोपदेशक १५७७ सालीं छापलेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनांत पत्नीच्या ह्या कामाची सविस्तर हकीकत देतो. महिन्यांतून एकदां ती दासींना हाताशीं घेऊन आठ बुशेल माल्टची बीअर करी. काढ्यांत हॉप घालून तो हंगाम पाहून दीड-दोन तास उकळी. आणि एकूण वीस शिलिंग खर्चांत दोनशें गॅलन बीअर पदरांत पडे. आपल्या बायकोचा हिशेब छापून काढण्याइतका अभिमान वाटणारा नवरा त्या काळीं विरळाच असावा. पण येथेंहि पाहा: दासी आहेत, आठ बुशेल ठेवण्याची जागा आहे. हॉपनंतरची घरगुती बीअर मुख्यतः खात्यापित्या घरांत राहिली.

मग आला कर. १७१० सालीं पार्लमेंटनें हॉपवर पौंडामागें एक पेनी जकात बसविली, आणि ती बुडूं नये म्हणून विक्रीच्या बीअरमध्यें हॉपऐवजीं दुसरें कसलेंहि कडू द्रव्य वापरण्यास मनाई केली. ज्या फुलावर ग्रूटचे हक्कदार डोळे वटारीत होते, त्याच फुलाचा आतां राज्याला हक्क झाला. ही जकात १८६२ पर्यंत होती. माल्टवर त्याहून जबर कर होता, आणि तो घरीं करणाऱ्यालाहि चुकत नसे. विल्यम कॉबेट हा शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेला, स्वतःच्या बळावर शिकलेला पत्रकार. त्यानें १८२१-२२ मध्यें मजुरांसाठीं गृहव्यवस्थेचें एक पुस्तक काढलें व त्याचा आरंभच बीअर घरीं कशी करावी येथून केला. किती हॉप, किती वेळ, कोणतीं भांडीं, किंमत काय, सर्व आंकड्यांनिशीं. त्यांत तो ससेक्सच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें दिलेल्या साक्षीचा दाखला देतो: चाळीस वर्षांमागें त्या गांवीं घरीं बीअर करीत नाहीं असा एक मजूर नव्हता, आतां कोणी माल्ट फुकट दिलें तरच, एरव्हीं करणारा एकहि नाहीं. कॉबेटचा राग करावर जितका, तितकाच चहावर. चहानें अंगांत जोर येत नाहीं, वेळ मात्र जातो, असा त्याचा आक्षेप. चहाविषयींचें त्याचें मत आपण कोणी मानणार नाहीं. मी तर हें भाषण दोन कप चहा घेऊनच लिहिलें आहे. पण माणसाच्या घरांत तयार होणारी वस्तु कर लावून बाजारांतून विकत घ्यावयास लावली म्हणजे त्याच्या हातून काय जातें, हें त्याला बरोबर दिसलें होतें.

ह्याच सुमारास हें कडू फूल आपल्या मुंबईसहि येत होतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसनच्या भट्टींतून बीअरचीं पिपें उधारीवर उचलीत आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथें गोऱ्या लोकांना विकीत. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा प्रवास, दोनदां विषुववृत्त ओलांडावयाचें, आणि पिपें जहाजाच्या पोटांत उष्म्यांत हिंदकळत. म्हणून उष्ण देशांकडे पाठवावयाच्या बीअरमध्यें हॉप अधिक घालावे, हा सल्ला अठराव्या शतकांतच रूढ होता. हॉजसननें हिंदुस्थानसाठीं नवीनच बीअर शोधून काढली, अशी जी कथा सांगतात ती मात्र खरी नव्हे; इंग्लंडांत शरद ऋतूंत घालून वर्ष-दोन वर्षें मुरवीत ती कडक, कडू बीअरच तो पाठवीत होता. प्रवासानें ती बिघडण्याऐवजीं मुरली इतकेंच. १८२२ च्या पुढें बर्टन गांवच्या ऑलसॉपनें त्या धंद्यांत उडी घेतली, आणि आपल्या देशाचें नांव त्या प्रकारच्या बीअरला कायमचें चिकटलें. पुढें १८६० सालीं मरी येथें व त्याच्या मागेंपुढें कसौलीसारख्या इतर थंड ठिकाणीं इकडेच भट्ट्या निघाल्या. हॉपची वेल मात्र दख्खनच्या हवेंत फळत नाहीं. तिला उन्हाळ्याचे लांबच लांब दिवस व हिवाळ्याची कडक थंडी पाहिजे. काश्मिरांत ती एकोणिसाव्या शतकांत लाविली होती. आणि पुढें हिमाचलाच्या लाहौल खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं तिचें पीक काढलें.

पुन्हां घराकडे वळूं. इंग्लंडांत १८८० सालीं ग्लॅडस्टननें माल्टवरील कर उठविला, पण घरीं बीअर करणाऱ्याला परवाना लावला. तो परवाना १९६३ सालीं गेला आणि मग दुकानांतून माल्टचा दाट पाक व वाळलेले हॉप सर्रास मिळूं लागले. अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळीं वाण्यांकडे हॉपचा कडूपणा आधींच उतरविलेला माल्टचा पाक डब्यांतून विकावयास असे. पाव व बिस्किटें करण्यासाठीं म्हणून लोक तो नेत. एवढा कडू पाक घालून बिस्किटें कोण करीत होतें, हें विचारण्याच्या भानगडींत वाणी पडत नसे. बंदी उठली तरी घरीं बीअर करणें तेथें बेकायदाच राहिलें. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं ऑक्टोबर १९७८ मध्यें सही केलेल्या कायद्यानें तें मोकळें झालें: एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षास शंभर गॅलन, दोघांच्या घराला दोनशें, आणि विकावयाची नाहीं. तरी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. शेवटचीं दोन राज्यें तयार झालीं तीं २०१३ सालीं.

ह्या घरगुती मंडळींनीं हॉपच्या इतिहासालाहि एक वळण दिलें. मोठमोठ्या कारखान्यांनीं कडूपणा इतका कमी करीत आणला होता, कीं हॉप आहे कीं नाहीं असा संशय यावा. ऑरेगॉनमध्यें पैदास करून १९७२ सालीं एक नवी जात बाहेर आली होती, कॅस्केड नांवाची. तिला संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा वास. तो वास घरीं प्रयोग करणाऱ्या तरुणांना आवडला. त्यांच्यांतलाच एक, केन ग्रॉसमन, घरगुती बीअरच्या साहित्याचें दुकान चालवीत असे. त्यानें १९८० सालीं कॅलिफोर्नियांत लहानशी भट्टी घातली आणि त्या फुलाचा वास व कडूपणा पुढें ठेवून धंदा केला. कारखान्यानें घरच्या चुलीवरून हिरावून नेलेली विद्या पुन्हां चुलीवरून कारखान्याकडे गेली, असा हा उलटा प्रवाह.

माझ्या भाचेसुनेच्या तराजूंत होते ते हॉप ह्याच जातीचे. तिला मीं एल विकणाऱ्या बायकांची हकीकत सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे मामा, आमच्यांत हें काम माझ्याकडे आलें तें बरोबरच झालें." भाचा बाटल्या पालथ्या घालीत होता, तो कांहीं बोलला नाहीं. त्या बाटल्या सर्व काळपट तपकिरी रंगाच्या होत्या. हॉपच्या कडू द्रव्यावर ऊन पडलें कीं त्यापासून असह्य दुर्गंधि उत्पन्न होते, म्हणून तपकिरी कांच.

आपल्याकडे ह्याचा प्रयोग कोणी करूं नये, हें सांगणें मला प्राप्त आहे. मुंबई इलाख्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा कांहीं फेरफारांसह महाराष्ट्रांत अद्याप लागू आहे, आणि परवान्यावांचून घरीं बीअर करणें हा गुन्हा आहे. मीं येतांना फक्त मूठभर वाळलेले हॉप एका पुडींत घालून आणले, पाहुण्यांना दाखविण्यासाठीं. घरीं आलों त्या दिवशीं पुडी उघडली तर संत्र्याच्या सालीचा घमघमाट सुटला. हॉप थंड जागीं व हवाबंद ठेवावे लागतात, नाहीं तर तेलें उडतात व कडूपणा उतरतो, हें मला तेथें सांगितलें होतें. पण पुडी राहिली पुस्तकांच्या कपाटांत. आतां तिला जुनाट चीजसारखा वास येतो. ती पुडी कपाटांतून काढा, नाहीं तर कपाट घराबाहेर काढा, असें आमच्या घरांतून मला दोनदां बजावण्यांत आलें आहे.